वऱ्हाडचा वैशाख आणि हृदयाचा पंप

श्रोतेहो, माझें हें पहिलें वाक्य पुरें होईपर्यंत आपल्या छातींत सात-आठ ठोके पडून गेले असतील, आणि आपणांपैकीं एकालाही त्यांची वार्ता नसेल. भिंतीवरचें घड्याळ बंद पडलें तर तें आपल्या लगेच ध्यानांत येतें. पण ज्या यंत्रावर सारें घर चालतें त्याची टिकटिक आपण ऐकतों ती बहुधा रात्रीं डाव्या कुशीवर निजलें असतां, नाहींतर जिना चढून धाप लागली म्हणजे.

मी वैद्य नव्हें. मॅट्रिक होऊन शाळामास्तर झालों, आणि आधीं अमरावती जिल्ह्यांत व पुढें अकोल्यास तीसाहून अधिक वर्षें मुलांना शिकविलें. हृदयाचा पाठ दरवर्षीं येई. लाल आणि निळ्या खडूनें मी फळ्यावर चार कप्पे काढीं, बाण दाखवीं, आणि परीक्षेंत त्या आकृतीला पांच गुण देईं. परंतु त्या बाणांचा खरा अर्थ मला उमगला तो निवृत्त झाल्यावर, अकोल्याच्या एका लग्नमंडपांत सतरंजीवर आडवा पडलों असतां. तो प्रसंग पुढें येईलच. आधीं यंत्र पाहूं.

आपली मूठ वळून पाहावी. साधारण तेवढाच या यंत्राचा आकार, आणि वजन सुमारें ३०० ग्रॅम. छातीच्या मधोमध, किंचित् डावीकडे कललेलें असें हें मांसाचें पोकळ पात्र आहे. त्याला आपण एक पंप म्हणतों, पण वस्तुतः ते एकमेकांस चिकटून बसविलेले दोन पंप आहेत. उजवा पंप साऱ्या शरीरांतून परत आलेलें काळसर रक्त घेतो आणि शेजारच्या फुप्फुसांत ढकलतो. तेथें त्याला प्राणवायु मिळतो, तें लालभडक होतें आणि डाव्या पंपांत येतें. डावा पंप तें महारोहिणींत, म्हणजे शरीराच्या सर्वांत मोठ्या धमनींत, फेंकतो. तेथून डोक्याच्या टाळूपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत त्याचा फांटा जातो. उजव्याला शेजाऱ्याच्याच घरीं जावयाचें असतें, डाव्याला साऱ्या गांवाला पाणी पुरवावयाचें असतें. म्हणून डाव्याची भिंत उजव्याहून सुमारें तिप्पट जाड असते. प्रत्येक पंपाला दोन खोल्या. वरची खोली येणारें रक्त सांठवून घेते, खालची खोली तें जोरानें बाहेर लोटते. एवढ्यानें चार कप्पे झाले.

आतां लोटलेलें रक्त मागें कां येत नाहीं? वरुड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागाइतदाराला हें समजावून सांगावें लागत नाहीं. विहिरींत सोडलेल्या नळाच्या तळाशीं एक फूटव्हॉल्व्ह असतो. पाणी वर चढतांना तो उघडतो, आणि मोटर थांबली कीं वरच्या पाण्याच्याच भारानें मिटतो. त्याला कोणी हात लावीत नाहीं, कीं दोरी ओढीत नाहीं. हृदयाच्या चार झडपा अगदीं याच रीतीनें चालतात. ज्या बाजूला दाब अधिक, तिकडून त्या ढकलल्या जातात. त्या मिटतांना जो आवाज होतो तोच डॉक्टर नळी लावून ऐकतात. फ्रान्समध्यें लाएनेक नांवाच्या वैद्यानें १८१६ सालीं कागदाची सुरळी करून ती एका रुग्णाच्या छातीला लावली, तेव्हांपासून ही नळी वैद्यांच्या हातीं आली. ‘लब’ हा खालच्या खोल्यांच्या प्रवेशद्वारांचा आवाज, आणि ‘डब’ हा त्यांच्या बाहेरच्या दारांचा. फूटव्हॉल्व्ह गळका झाला कीं मोटर दुप्पट चालवूनही वाफ्यांत पाणी निम्मेंच पडतें. लहानपणीं घशाच्या एका जंतुसंसर्गामागून येणारा संधिवाती ज्वर हृदयाच्या झडपांची तीच गत करतो. मुलाचा घसा वरचेवर सुजत असेल तर हळदीच्या दुधावर भिस्त न ठेवतां त्याला डॉक्टरांना दाखवावें, तें एवढ्यासाठीं.

वर्गांत मी एक खेळ करवून घेत असें. मुलांना म्हणें, मूठ उघडा आणि आवळा, मिनिटाला सत्तर वेळां, मी घड्याळ पाहतों. पहिल्या मिनिटाला वर्गांत हंशा पिके. दुसऱ्या मिनिटाला चेहरे गंभीर होत. तिसऱ्या मिनिटापर्यंत बहुतेकांनी हात झटकलेले असत. मग मी फळ्यावर गणित मांडीं. एका ठोक्यासरशीं डावा पंप सुमारें ७० मिलिलिटर, म्हणजे लहान कपभर, रक्त बाहेर टाकतो. मिनिटाला ७० ठोके धरले तर ४,९०० मिलिलिटर, म्हणजे पांच लिटरांना थोडेंसें कमी. दिवसाचे ठोके एक लाखावर. दिवसाचें रक्त सात हजार लिटर. ज्या गांवीं उन्हाळ्यांत टँकरनें पाणी येतें तेथल्या मुलांना सात हजार लिटर म्हणजे काय हें सांगावें लागत नसे. पांच हजारांचा एक टँकर पुरा, आणि दुसरा जवळजवळ अर्धा. आणि हें सारें तीनशें ग्रॅमच्या मांसाच्या गोळ्यानें, जन्माआधींपासून, एकही रविवार न घेतां.

हुशार मुलगा येथेंच मला अडवी. “गुरुजी, सात हजार लिटर रक्त आणायचें कुठून?” हा प्रश्न मोठ्या मोठ्या विद्वानांना चौदाशें वर्षें सुचला नव्हता. गॅलन नांवाच्या प्राचीन वैद्याची शिकवण युरोपांत व अरब देशांत प्रमाण मानली जाई. ती अशी कीं, अन्नापासून यकृतांत रक्त तयार होतें, तें शिरांतून अवयवांकडे जातें आणि तेथेंच खपतें. म्हणजे आपल्या नगराच्या पाणीपुरवठ्यासारखें. अमरावतीला ऊर्ध्व वर्धा धरणाचें पाणी येतें, अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणाचें. तें घरोघर जातें, वापरलें जातें, संपतें, आणि दुसरें सोडावें लागतें. तेराव्या शतकांत इब्न अल्-नफीस या वैद्यानें हृदयाच्या उजव्या बाजूचें रक्त फुप्फुसांतून फिरून डाव्या बाजूला येतें असें लिहून ठेविलें होतें; पण पूर्ण फेरा उलगडला तो विल्यम हार्वे या इंग्रज वैद्यानें. त्याचा ग्रंथ १६२८ सालीं निघाला, म्हणजे शिवछत्रपतींच्या जन्मापूर्वी दोन वर्षें.

हार्वेनें केलें काय? माझ्या वर्गांतल्या मुलानें विचारला तोच प्रश्न त्यानें स्वतःला विचारला. एका ठोक्याला अगदीं थोडें रक्त बाहेर पडतें असें धरलें तरी अर्ध्या तासांत जें बाहेर पडेल तें साऱ्या देहांतील रक्ताहून अधिक भरतें. एवढें रक्त कोणतेंही यकृत करूं शकणार नाहीं, आणि कोणतेंही अन्न पुरवूं शकणार नाहीं. मग तें एकच रक्त असलें पाहिजे, आणि तें फिरून फिरून तेथेंच येत असलें पाहिजे. शरीरशास्त्रांतील एवढा मोठा शोध गुणाकाराच्या एका उदाहरणानें लागावा, याचा गणित शिकविणाऱ्या माणसाला किती आनंद होतो हें मी सांगावयास नको!

हार्वेचा एक प्रयोग आपणांस घरींही करतां येईल; माझ्या वयाच्या मंडळींना तर अधिकच सोपा, कारण आमच्या हातांवरच्या शिरा आपोआपच वर आलेल्या असतात. हात थोडा वेळ खालीं सोडावा म्हणजे हाताच्या पाठीवरची किंवा मनगटावरची शीर फुगेल. तिच्या बोटांकडील टोकावर एक बोट दाबून ठेवावें, आणि दुसऱ्या बोटानें ती शीर कोपराच्या दिशेनें पुसत न्यावी. पुसलेला भाग चपटा होतो. आतां वरचें बोट उचलावें. मध्यें झडप असेल तर वरचें रक्त खालीं उतरत नाहीं, शीर रिकामीच राहते. मग खालचें बोट उचलावें. क्षणांत ती खालून भरून येते. शिरांतील या लहान झडपांकडे हार्वेचें लक्ष वेधलें तें त्याच्या पादुआ येथील गुरूनें, फाब्रिसियसनें. पण गुरूला त्यांचा अर्थ लागला नाहीं, शिष्याला लागला. त्या रक्ताला हृदयाकडेच जाऊं देतात, मागें येऊं देत नाहींत. धमन्यांतून गेलेलें रक्त शिरांत कोणत्या वाटेनें येतें, हें मात्र हार्वेला दिसलें नाहीं. ती वाट केसाहूनही बारीक. १६६१ सालीं माल्पीघी या इटालियन पंडितानें सूक्ष्मदर्शकाखालीं बेडकाच्या फुप्फुसांत ती पाहिली. तिला आपण केशवाहिनी म्हणतों. आणि प्रौढ देहांत रक्त सुमारें पांच लिटर, व पंप लोटतो तेंही मिनिटाला पांच लिटर. तेव्हां स्वस्थ बसलेल्या माणसाचें सारें रक्त सरासरीनें मिनिटाला एक फेरा पुरा करतें.

या पंपाला चालू कोण करतें, हें थोडक्यांत सांगतों. त्याच्या उजव्या वरच्या खोलीच्या भिंतींत पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. तो आपल्याच लयीनें विजेची एक बारीक लहर सोडतो, आणि ती पसरली कीं स्नायु आंवळतो. मेंदू केवळ लगाम सैल किंवा ताठ करतो. म्हणूनच एकाचें हृदय काढून दुसऱ्याच्या छातींत बसविलें, मज्जातंतु तुटले, तरी तें धडधडूं लागतें. दक्षिण आफ्रिकेंत केपटाउन येथें ३ डिसेंबर १९६७ रोजीं डॉक्टर बर्नार्ड यांनीं हें पहिल्यानें माणसांत करून दाखविलें, आणि त्यानंतर अडीच महिन्यांच्या आंत, फेब्रुवारी १९६८ मध्यें, आपल्या मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉक्टर प्रफुल्लकुमार सेन यांनीं तें केलें. रुग्ण कांहीं तासच जगला. परंतु त्या काळीं जगांत मोजक्याच ठिकाणीं हें धाडस झालें होतें, आणि त्यांत परळचें एक रुग्णालय होतें, ही गोष्ट आमच्या पाठ्यपुस्तकांत असावयास हवी होती.

आतां एक गोष्ट मी मुलांना कधीं शिकविली नाहीं, कारण ती मलाच ठाऊक नव्हती. साऱ्या देहाला रक्त पुरविणारें हृदय स्वतः जेवतें केव्हां? त्याच्या पोकळींत रक्त असतें, पण तें त्याच्या जाड भिंतींत मुरत नाहीं. महारोहिणीच्या उगमाशींच दोन बारीक धमन्या फुटतात आणि हृदयाच्याच अंगावर पसरतात. पण स्नायु आंवळलेला असतांना त्या चिमटल्या जातात. डाव्या पंपाच्या भिंतीला रक्त मिळतें तें मुख्यतः तो सैल पडतो त्या वेळीं. जेवणाची सुट्टी आणि विश्रांति एकच! मिनिटाला सत्तर ठोक्यांच्या गतीनें एका ठोक्याला सुमारें पाऊण सेकंदाहून थोडा अधिक वेळ मिळतो. त्यांतला एक तृतीयांश आंवळण्यांत जातो, बाकीचा विश्रांतींत. गति १२० झाली कीं एकूण वेळ अर्धा सेकंद. आंवळण्याचा वेळ थोडासाच कमी होतो, आणि जी काट बसते ती बहुतेक विश्रांतीलाच बसते. म्हणजे काम वाढलें आणि जेवणाची सुट्टी आखडली. तरुण हृदयाला याचें कांहीं वाटत नाहीं. अमरावतीच्या श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानावर, जेथें १९१४ पासून पिढ्यान्‌पिढ्या पोरें घाम गाळीत आलीं आहेत, मल्लखांबावरून उतरलेल्या मुलाची नाडी पाहावी. दीडशें-पावणेदोनशें ठोके सांपडतील, आणि पांच-दहा मिनिटांत बरेचसे उतरतील. परंतु ज्याच्या त्या बारीक धमन्यांत चरबीचे थर बसून वाट अरुंद झाली आहे, त्याला ही आखडलेली सुट्टी महाग पडते. चालतांना छातींत कळ येऊन थांबल्यावर ती जाते, तिचें कारण हेंच.

दुसरी गोष्ट त्याहून साधी, आणि तीच मला मंडपांत शिकावी लागली. पंपाकडे जेवढें येईल तेवढेंच तो लोटूं शकतो. विहीर आटली असतां मोटर कितीही अश्वशक्तीची असली तरी पाटांत पाणी येत नाहीं. हृदय निरोगी असो, मजबूत असो. शिरांतून परत येणारें रक्त कमी झालें कीं त्याचा प्रत्येक ठोका रोडावतो. मग तें ठोक्यांची संख्या वाढवून तूट भरून काढूं पाहतें. आणि परतीची वाट बिकट आहे. उभ्या माणसाच्या पायांपासून छातीपर्यंत चढ आहे. उभें राहतांच अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त पायांकडे व पोटाकडे उतरतें. चालतांना पोटऱ्यांचे स्नायु शिरांना पिळतात, त्या लहान झडपा रक्त मागें येऊं देत नाहींत, आणि रक्त वर चढतें. पोटरी हा जणूं दुसरा पंप. निश्चळ उभें राहणाऱ्याचा हा दुसरा पंप बंद असतो. शाळेच्या प्रार्थनेला उभीं असलेलीं पोरें कोसळत, पण खेळाच्या तासाला धांवतांना क्वचित्. याचें कोडें मला वर्षानुवर्षें पडलें होतें.

आतां वऱ्हाडचा वैशाख या यंत्रापुढें आणून उभा करूं. २०२० सालच्या मे महिन्याच्या अखेरीस अकोल्याचा पारा ४७ अंशांच्याही वर गेला होता. त्रेचाळीस-चव्वेचाळीस तर आम्हांस दरसालचे. शरीराची आंतली उष्णता ३७ अंशांच्या आसपास राखावी लागते. थंड हवेंत आपण आपली उष्णता हवेला देऊन मोकळे होतों. पण हवाच त्वचेहून तापलेली असली म्हणजे व्यवहार उलटा होतो, हवा आपणांस उष्णता देते. मग एकच वाट उरते, घामाची. घाम वाळतांना उष्णता घेऊन जातो, जशी माठाच्या अंगावर पाझरलेलें पाणी वाळतांना नेतें, किंवा कूलरच्या ताट्यांतून वाहणारी हवा नेते. वऱ्हाडची हवा कोरडी, म्हणून घाम लवकर वाळतो, एवढी आपणांवर निसर्गाची कृपा आहे.

पण आंतली उष्णता त्वचेपर्यंत आणणार कोण? रक्तच. मोटारीचें इंजिन तापूं नये म्हणून पंप पाणी फिरवितो आणि समोरच्या रेडिएटरमध्यें तें निवतें. आपली त्वचा हा रेडिएटर. एरवीं स्वस्थ असतांना त्वचेकडे मिनिटाला पाव ते अर्धा लिटर रक्त जातें. देह फार तापला म्हणजे निरोगी तरुण माणसांत तें सहा-सात लिटरपर्यंतही वाढूं शकतें. साऱ्या शरीराला मिळून पांच लिटर पुरविणाऱ्या पंपाकडे एकटी त्वचाच सहा मागूं लागली! हृदय आंतड्यांचा व मूत्रपिंडांचा वांटा कमी करतें, ठोके वाढवितें, आणि दुप्पट रक्त लोटूं लागतें. बसल्या जागीं, पंख्याखालीं, वर्तमानपत्र वाचीत असलेल्या म्हाताऱ्याचें हृदय त्या दुपारीं जिना चढत असतें, आणि हा जिना सायंकाळपर्यंत संपत नाहीं. त्यांतच घामावाटे पाणी जातें. उन्हांत काम करणाऱ्याचें तासाला एक लिटरही जातें. तें पाणी येतें कोठून? शेवटीं रक्तांतूनच. म्हणजे नळ अधिक सोडले, आणि विहीर आटूं लागली, एकाच वेळीं.

आतां माझा प्रसंग. मला रक्तदाब आहे, आणि त्यासाठीं ज्या गोळ्या आहेत त्यांत एक पाण्याची गोळी आहे. ही मूत्रपिंडांकडून मीठ व पाणी अधिक बाहेर टाकवते, त्यामुळें रक्ताचें एकूण मान थोडें उतरतें आणि दाब कमी होतो. गोळी उत्तम आहे. मे महिन्यांतलें लग्न, मुहूर्त दुपारचा, मंडप कापडाचा. सकाळीं गोळी घेतली. वारंवार लघवीला जावें लागूं नये म्हणून पाणी मुद्दाम कमी प्यालों. लग्न लागल्यावर जेवणासाठीं हातांत ताट घेऊन रांगेंत उभा राहिलों. वीस-पंचवीस मिनिटें झालीं असतील. कानांत गुणगुण सुरू झाली, मंडपाचा झालरीचा रंग पांढुरका दिसूं लागला, आणि पुढचें मला आठवत नाहीं.

जें झालें तें आतां श्रोत्यांनाही सांगतां येईल. पाणी कमी, त्वचेला रक्त अधिक, पाय निश्चळ, परतीचें रक्त तुटपुंजें. मेंदू शरीराच्या वजनाचा जेमतेम पन्नासावा हिस्सा, पण स्वस्थ असतांना हृदयाच्या रक्ताचा सुमारें सातवा हिस्सा घेतो, आणि आठ-दहा सेकंदांचा खंडही त्याला सोसत नाहीं. मूर्च्छा येऊन माणूस आडवा पडतो, आणि आडवा पडला कीं चढ संपतो, रक्त आपोआप परत येतें. पडणें हाच देहानें केलेला उपाय आहे. पण मंडळी प्रेमळ! चौघांनीं मला उचललें, खुर्चीवर ताठ बसविलें, एकानें मान धरली, दुसऱ्यानें तोंडांत पाणी ओतावयास घेतलें. परिचारिकेचें शिक्षण घेणारी माझी पुतणी धांवत आली म्हणून बरें. तिनें मला खुर्चीवरून सतरंजीवर घेतलें, पायांखालीं दोन उशा दिल्या, सदऱ्याचीं बटनें सोडलीं आणि मंडळींना दूर केलें. मिनिटभरांत मी डोळे उघडले. उठूं लागलों तों तिनें खांद्यावर हात ठेविला. “काकाजी, उठूं नका. तुमचं हृदय ठीक आहे, त्याच्याकडे रक्त येऊं द्या.” पस्तीस वर्षें फळ्यावर काढलेले निळे बाण मला त्या क्षणीं समजले. आम्ही सारे लाल बाणांचें कौतुक करतों. निळे बाण परत आले नाहींत तर लाल बाण निघणार कोठून?

साधी मूर्च्छा आणि उष्माघात यांत मात्र गल्लत होऊं नये. मूर्च्छित माणूस आडवा केला कीं लवकर शुद्धीवर येतो. उष्माघातांत शरीराची आंतली उष्णता ४० अंशांपुढें जाते, माणूस असंबद्ध बोलतो, झिंगल्यासारखा चालतो किंवा बेशुद्ध होतो. त्वचा कधीं कोरडी, कधीं ओलीही असते. तेथें एक क्षण दवडूं नये. सावलींत न्यावें, कपडे सैल करावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा, कांखेंत व मानेजवळ बर्फ ठेवावा, आणि हें करीत असतांनाच रुग्णालयाची गाडी बोलवावी. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडांत पाणी घालूं नये, तें श्वासनलिकेंत जातें. आणि अशी आपत्ति येण्यास अकोल्याचे ४५ अंश लागतातच असें नाहीं. १६ एप्रिल २०२३ रोजीं नवी मुंबईंत खारघर येथें उघड्या मैदानावर भर उन्हांत एक मोठा समारंभ झाला. पारा ३८ अंशांच्या आसपास होता. वऱ्हाडांतला माणूस त्याला उन्हाळा म्हणणार नाहीं. तरीही सरकारी आंकड्याप्रमाणें १४ माणसें दगावलीं. किनाऱ्याची हवा दमट, घाम वाळत नाहीं. आणि कित्येक तास डोक्यावर ऊन. आमचा कूलर जूनच्या पहिल्या पावसानंतर निकामी होतो, तशीच त्वचाही होते. आणखी एक आंकडा सांगतों. अहमदाबादेस मे २०१० च्या उष्म्याच्या लाटेंत त्या महिन्यांत नेहमींपेक्षां तेराशेंहून अधिक मृत्यु झाल्याचें पुढें अभ्यासकांनीं मोजलें. अशा वेळीं मरणारे सगळेच उन्हांत कोसळत नाहींत. पुष्कळजण घरांत, खाटेवर जातात, आणि दाखल्यावर हृदयविकार लिहिला जातो. तो खोटा नसतो. पण त्या हृदयाला दुपारभर कोणता जिना चढावा लागला, तें त्या कागदावर येत नाहीं.

आमच्याकडे उन्हांत निघतांना खिशांत कांदा ठेवण्याची चाल आहे. माझी आई तो आठवणीनें देई, आणि मीही कित्येक वर्षें तो बाळगला. खिशांतला कांदा कांहीं करीत नाहीं. तो ताटांत घ्यावा. पण डोक्याला व कानांना गुंडाळलेला ओला दुपट्टा खरोखर काम करतो, आणि मीठ घातलेलें ताक किंवा पन्हें हें विहिरींत पाणी आणि मीठ दोन्ही परत टाकतें. मात्र “भरपूर पाणी प्या” हा सरसकट उपदेश ऐकून ज्यांचें हृदयच थकलें आहे, पायांवर सूज येते आणि ज्यांना डॉक्टरांनीं पाणी व मीठ मोजून दिलें आहे, त्यांनीं आपल्या मनानें तांब्यामागून तांब्या रिचवूं नयेत. त्यांच्या पंपाला आलेलेंच पाणी उपसवत नाहीं. तसेंच माझी हकीकत ऐकून कोणी पाण्याची गोळी बंद करूं नये. गोळी बंद करणें हाही डॉक्टरांचाच अधिकार.

एक विलक्षण गोष्ट राहिली. उन्हाळा सरावाचा होतो, ही म्हण नव्हे, शरीरशास्त्र आहे. रोज थोडें थोडें ऊन लागलें तर दहा-पंधरा दिवसांत शरीर रक्तांतील पाण्याचें मान वाढवितें, घाम लवकर व अधिक सोडतें, त्यांत मीठ कमी टाकतें, आणि त्याच उन्हांत नाडी पूर्वीपेक्षां हळू चालते. म्हणून एप्रिलमधली पहिली उष्म्याची लाट मेमधल्या दुसरीपेक्षां अधिक बळी घेऊं शकते, आणि थंड प्रदेशांतून लग्नासाठीं थेट मे महिन्यांत उतरलेला पाहुणा आपल्याआधीं कोसळतो. पाहुण्याला पहिल्या दिवशीं भर दुपारीं बाजार दाखवावयास नेऊं नये.

यंदा मी होळी होतांच डॉक्टरांकडे गेलों आणि मंडपाची हकीकत सांगितली. त्यांनीं बसून व उभें करून दोनदां दाब मोजला, पाण्याची गोळी उन्हाळ्यापुरती निम्मी केली, आणि पंधरा दिवसांनीं पुन्हां बोलाविलें. वैशाखांत पुन्हां एक लग्न आलें, पुन्हां दुपारचेंच. रांगेंत उभा राहिलों तों पुतणीनें लांबूनच टांचा उचलून दाखविल्या. मीही मग ताट हातांत धरून टांचा वर-खालीं करीत राहिलों. मागचे गृहस्थ बराच वेळ पाहत होते; शेवटीं त्यांनीं विचारलेंच, “मास्तर, पायाला मुंग्या आल्या काय?”